रक्तदाब मोजून घेणाऱ्या बायका गर्भाशयमुखाच्या तपासणीला का थांबत नाहीत?

प्रश्न : बचतगट कार्यकर्ती, गुहागर तालुका

नमस्कार. आमच्या भागातील महिला बचतगटांचे काम मी पाहते. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी तपासणी व्हावी, असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्यासाठी आशाताई घरोघर जाऊन अर्ज भरून घेतात, हे येथे अनेकांना माहीत असेल. आमच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात झालेल्या शिबिराला बायका चांगल्या संख्येने आल्या होत्या. त्यांनी रक्तदाब मोजून घेतला, बोटातून रक्त देऊन साखर तपासली, तोंडही उघडून दाखवले. मात्र आतून तपासणी करण्यासाठी पडद्यामागे जायची वेळ आली तेव्हा एकेक जण काही ना काही कारण सांगून निघून गेली. कोणाला गुरे बांधायची होती, कोणाची एसटी चुकणार होती, तर कोणाला मुंबईला फोन करून घरच्यांना विचारल्याशिवाय ‘असले काही’ करायचे नव्हते.

या बायका बेफिकीर आहेत, असे मला मुळीच वाटत नाही. त्या कर्जाचा हप्ता चुकवत नाहीत, मुलांचे लसीकरण चुकवत नाहीत, सासूच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रत्नागिरीला जाऊन राहतात. त्यामुळे ‘जनजागृती करा’ एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी करून घेतलेल्या स्त्रिया केवळ १.९ टक्के निघाल्या. जुलै २०२५ मध्ये मात्र सुमारे २५.४२ कोटी पात्र स्त्रियांपैकी १०.१८ कोटींची तपासणी झाल्याचे केंद्र सरकारने सांगितले. एवढी वाढ झाली असेल तर ती आनंदाचीच गोष्ट आहे, पण आमच्या वाड्यांत ती मला दिसत नाही. बायका नेमक्या कोठे गळतात, त्यांना कसे थांबवावे आणि जी तपासणी करून घ्या म्हणून मी गळ घालते आहे ती खरोखर भरवशाची आहे का, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

उत्तर : आशा गटप्रवर्तक, राजापूर तालुका

ताई, तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. अर्ज भरणे आणि तपासणी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आशा घरी येऊन वय, तंबाखू, कंबरेचा घेर, अंगावरून पांढरे किंवा लाल जाते का, असे प्रश्न विचारते व गुण मांडते. त्या कागदामुळे कोणाला आधी पाठवायचे एवढेच कळते. गर्भाशयमुख पाहिले गेल्याशिवाय तपासणी झाली, असे म्हणता येणार नाही. अर्ज भरलेल्या बाईला ‘माझे झाले’ असे वाटते आणि ती येत नाही. म्हणून आमच्या आशांना मी आवर्जून सांगते, की अर्ज पूर्ण झाल्यावर ‘हे फक्त विचारणे झाले, तपासणी अमुक तारखेला आहे’ हे वाक्य उंबरठा सोडण्यापूर्वी बोललेच पाहिजे.

शिबिराच्या गर्दीत बाई थांबत नाही, याचे मुख्य कारण माझ्या मते लाज हे नाही. सर्वांसमोर पडद्यामागे जाणे म्हणजे ‘हिला काहीतरी झाले आहे’ अशी चर्चा गावभर होणे, आणि ती भीती लाजेपेक्षा मोठी असते. आमच्याकडे वाड्या लांब लांब असल्या तरी बातमी लांब राहत नाही. त्यामुळे आम्ही ही तपासणी मोठ्या शिबिरातून वेगळी काढली. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरावीक वारी दुपारी, बाह्यरुग्ण विभाग संपल्यावर, एका वाडीतील मोजक्याच बायकांना त्यांच्या आशेने नावाने बोलावून सोबत आणायचे, तपासणारी सिस्टर दुसऱ्या गावची असेल असे पाहायचे आणि त्या वेळी केंद्रातील पुरुष कर्मचाऱ्यांना त्या बाजूला येऊ द्यायचे नाही, अशी पद्धत ठेवली. चिठ्ठी वाटून किंवा गाडीवर कर्णा लावून बायका येत नाहीत. ज्या बाईने आपले बाळंतपण सांभाळले ती ‘चल, मी आहे’ म्हणाली की येतात.

आणखी एक भीती आहे, ती कोणी उघड बोलत नाही. ‘तपासायला गेले की पिशवी काढायला लावतील’, असे अनेकींच्या मनात पक्के बसलेले असते, कारण ओळखीतल्या कोणाची तरी पिशवी चाळिशीच्या आत काढलेली असते. ही भीती निराधार आहे, असे म्हणून झटकू नये. या तपासणीत काय होते, काय होत नाही आणि गर्भाशयमुखावर पांढरा डाग, म्हणजे संशयाची खूण, दिसला तरी पिशवी काढण्याचा प्रश्न लगेच येत नाही, हे आधी शांतपणे सांगावे लागते.

वेळेचेही पाहा. जून-जुलैमध्ये लावणी, भाद्रपदात गणपती, दिवाळीच्या आगेमागे भातकापणी आणि मार्चपासून काजू-आंबा. शेतीवर जगणाऱ्या घरांत खरा मोकळा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच मिळतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका एकत्र येतात म्हणून तेथेच माहिती द्यावी, असे सुचवले जाते, आणि ते सोपेही आहे. पण ज्या गावात विधवा बाईला आजही हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, तेथे ती या माहितीतूनही वगळली जाते. नवरा नाही म्हणून धोका गेला, असे नसते. म्हणून मी तुम्हाला बचतगटाच्या मासिक बैठकीचाच आग्रह धरीन, कारण तेथे सर्व जणी हक्काने बसतात.

उत्तर : स्त्रीरोगतज्ज्ञ, चिपळूण परिसर

वरील उत्तरातील जवळजवळ प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. तपासणी भरवशाची आहे का, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो विचारणे अगदी योग्य आहे.

राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए ही चाचणी ठरवली आहे. योनिमार्गात एक उपकरण ठेवून गर्भाशयमुख दिसेल असे केले जाते, त्यावर तीन ते पाच टक्के तीव्रतेचे ॲसेटिक आम्ल कापसाने लावले जाते आणि साधारण एक मिनिट थांबून प्रखर उजेडात पाहिले जाते. बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. भूल, टाके, रक्त काढणे यांपैकी काहीही नसते, प्रयोगशाळेची गरज नसते आणि निकाल बाई टेबलावरून उतरण्यापूर्वी मिळतो. जिला परत बोलावले तर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे पुन्हा मोडते, तिच्यासाठी हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे.

या चाचणीचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच राज्यातला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तेथे डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या प्राथमिक आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी व्हीआयए करीत होत्या. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला त्यातील दुसरे आकडे अधिक बोलके वाटतात. तपासणीला ८९ टक्के स्त्रिया आल्या, पण दोष आढळल्यावर निदान पक्के करण्यासाठी पुढे गेलेल्या स्त्रियांचे प्रमाण ७९.४ टक्के होते. घरोघर जाणारी, वर्षानुवर्षे तीच माणसे काम करीत होती, तेव्हा बायका आल्या. आणि एवढ्या नेटक्या कामातही दुसऱ्या पायरीवर पाचातली एक गळाली. आपल्याकडे ती पायरी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असते, त्यामुळे तेथे कोण सोबत जाणार, हे पहिल्या दिवशीच ठरवायला हवे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. व्हीआयए ही पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. पांढरा डाग दिसलेल्या बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो. साधी सूज असली तरी डाग दिसू शकतो. पाळी गेल्यानंतर पेशी जेथे बदलतात तो भाग आत सरकतो आणि डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या चाचणीवर फार विसंबू नये; त्यांच्यासाठी पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत पाहणे) किंवा एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू शोधणे) चाचणी अधिक योग्य ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने आता एचपीव्हीच्या डीएनए चाचणीलाच पहिली पसंती दिली आहे. त्या शिफारशीमागे धाराशिवचा, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. तेथे १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासात, एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात पुढे गेलेल्या अवस्थेतील कर्करोग आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, आणि हे निष्कर्ष २००९ मध्ये जगापुढे आले. मराठवाड्यातील शेतकरी बायकांनी जगाला दिलेले हे उत्तर आपल्या खेड्यांत पूर्णपणे पोहोचलेले नाही, याची मला मनापासून खंत आहे. या चाचणीचा नमुना बाई स्वतःच, आडोशाला जाऊन घेऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात १ जुलै २०२२ पासून हा पर्याय सर्व पात्र स्त्रियांना खुला आहे. तुमच्या शिबिरातून निघून गेलेल्या बायकांपैकी अनेक जणी अशा सोयीने थांबल्या असत्या, असे मला वाटते.

तोवर हातात असलेली चाचणी नाकारण्याचे कारण नाही. एचपीव्हीचा संसर्ग टिकून राहिला तरी त्याचा कर्करोग व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षे लागतात, आणि या दीर्घ काळात एकदा जरी गर्भाशयमुख पाहिले गेले तरी वाट अडवता येते. मात्र जिला संबंधानंतर रक्त जाते, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी बंद झाल्यावर लाल जाते, दुर्गंधीयुक्त स्राव होतो, तिने शिबिराची वाट मुळीच पाहू नये. तिला तपासणी मोहिमेची नव्हे, डॉक्टरची गरज आहे.

उत्तर : गृहिणी, वेंगुर्ला

मी या तपासणीतून गेलेली बाई आहे, म्हणून लिहिते. माझ्या गर्भाशयमुखावर पांढरा डाग दिसला, तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी ‘पॉझिटिव्ह आहे’ असे दारातूनच मोठ्याने सांगितले आणि बाहेर बसलेल्या सगळ्या जणींनी ते ऐकले. मला चिठ्ठी मिळाली, पण कोठे जायचे, कोणाला भेटायचे, किती खर्च येईल, हे कोणी सांगितले नाही. त्या रात्री मी माझ्या मुलींची लग्ने कशी होतील, याचा विचार करीत जागी होते. माझ्यानंतर रांगेत असलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणी त्या दिवशी तपासणी न करताच घरी गेल्या, हे मला पुढे कळले.

नंतर दुसऱ्या रुग्णालयात दुर्बिणीतून तपासणी झाली, छोटा तुकडा काढून तपासला, आणि तो कर्करोग नसून कर्करोगाच्या आधीची अवस्था आहे, असे निष्पन्न झाले. उपचार त्याच रुग्णालयात झाला आणि मी संध्याकाळी घरी आले. पिशवी जागेवर आहे. दरवर्षी पुन्हा दाखवायला सांगितले आहे, ते मी चुकवत नाही.

तुम्ही बायकांना बोलावणार असाल तर माझी कळकळीची विनंती आहे, की निकाल प्रत्येकीला एकटीला, दार लावून सांगितला जाईल, याची खात्री करून घ्या. डाग दिसणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे, हे तपासणीच्या आधीच सांगा, नंतर ते कानात शिरत नाही. आणखी एक गोष्ट अशी, की हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे कळल्यावर माझ्या घरात संशय सुरू झाला. ‘कोणाकडून आला’ हा प्रश्न बाईलाच विचारला जातो, मग नवरा वर्षातून दोनदा मुंबईहून येणारा असला तरीही. याचे उत्तर काय द्यायचे, हे डॉक्टरांनी येथे लिहिले तर बरे होईल.

उत्तर : स्त्रीरोगतज्ज्ञ, चिपळूण परिसर

ताई, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल आभार. एचपीव्ही इतका सर्वत्र आहे, की संबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी होतो आणि बहुसंख्य लोकांत एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या शरीरात तो अनेक वर्षे गुपचूप राहतो. त्यामुळे आज आढळलेला विषाणू कधी आला, कोणाकडून आला, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही, आणि त्यावरून आजच्या वागणुकीबद्दल नवऱ्यावर किंवा बायकोवर बोट ठेवता येत नाही. शिवाय व्हीआयएमध्ये विषाणू तपासलाच जात नाही, फक्त पेशींतील बदल पाहिला जातो. हे पुरुषांना सांगायला हवे, आणि त्यासाठी चाकरमानी गणपतीला व शिमग्याला गावी येतात, ते दिवस उपयोगी आहेत. मंडळाच्या बैठकीत वैद्यकीय अधिकाऱ्याने थोडा वेळ बोलले, तर ‘मुंबईला विचारते’ म्हणून अडलेली बाई मोकळी होते.

उत्तर : मासे विक्रेत्यांच्या संघटनेतील कार्यकर्ती, हर्णै

राजापूरच्या ताईंनी सांगितलेला डिसेंबर ते फेब्रुवारीचा काळ शेतकरी घरांना योग्य आहे, परंतु आमच्या कोळीवाड्यांना तो चालत नाही. तेव्हा होड्या समुद्रात असतात, बंदरावर लिलाव असतो आणि बाई टोपली घेऊन बाजारात असते. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते तेव्हा आम्हाला उसंत मिळते, आणि नेमके तेव्हा पावसामुळे शिबिरे कमी होतात. एकाच गावात शेतकरी वाडी व कोळीवाडा असेल तर दोन वेगळ्या तारखा ठेवाव्यात. पावसात वाडीपर्यंत गाडी पोहोचत नसेल तर आम्ही केंद्रापर्यंत येऊ, फक्त त्या दिवशी तपासणारी सिस्टर रजेवर नाही, हे आदल्या दिवशी कळवा. एकदा उगीच हेलपाटा पडला की पुढच्या वेळी त्याच बायकांना बाहेर काढणे फार कठीण जाते.

प्रश्नकर्ती :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून तपासणीचा वेगळा वार, बंद खोली आणि पुढे पाठवलेल्या प्रत्येक बाईसोबत बचतगटातील एक सोबतीण, या तीन गोष्टी मागणार आहे. सोबतिणीच्या भाड्याचा प्रश्न ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवीन. बायका नेहमी विचारतात ते दोन प्रश्न राहिले. मुलीला लस दिली तर तिला पुढे तपासणी लागते का, आणि तपासणीच्या दिवशी नेमकी पाळी आली तर काय करावे?

उत्तर : स्त्रीरोगतज्ज्ञ, चिपळूण परिसर

लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करून घ्यावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅकसारखी लस ६, ११, १६ व १८ या प्रकारांपासून संरक्षण देते. त्यांपैकी १६ आणि १८ हे जगभरातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना कारण असतात, पण उरलेल्यांसाठी तपासणी लागतेच. लस ९ ते १४ या वयात दिली तर सर्वांत उपयोगी पडते. मुलीला लस दिल्याने आईचे तपासणे चुकत नाही, हे मात्र आवर्जून सांगा, कारण तसा समज वाढतो आहे.

पाळी चालू असताना ही तपासणी करीत नाहीत. गरोदर स्त्रीची आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीचीही नंतर करतात. बाळंतपणानंतर साधारण बारा आठवडे थांबावे. म्हणून एकीला एकच तारीख न देता दोन तारखा द्या, आणि पहिल्या दिवशी पाळी आली तर न विचारता दुसऱ्या दिवशी यायचे, असे आधीच सांगून ठेवा. एखादीची पिशवी पूर्वी काढली असेल तर शस्त्रक्रियेचा कागद सोबत आणायला सांगा. गर्भाशयमुखही काढलेले आहे का आणि शस्त्रक्रिया कशासाठी झाली, हे त्यावरून कळते. गर्भाशयमुख शिल्लक असेल तर तिलाही तपासणीची गरज आहे.